घर सोडल्यानंतरचे पहिले नव्वद दिवस: वस्तीचा मदत निधी कसा उभारायचा, कसा वापरायचा

कायदा बाईच्या बाजूने आहे, सरकारी वकील फुकट मिळतो, निवारागृहाची सोय आहे. मग वर्गणी कशाला? कौटुंबिक हिंसाचारातून बाहेर पडणाऱ्या बायकांसाठी निधी उभा करायचा म्हटलं की नागपुरातल्या कुठल्याही वस्तीच्या बैठकीत हा प्रश्न येतोच, आणि तो रास्त आहे. उत्तर सापडलं नाही तर जमलेला पैसा भलतीकडे जातो.

थोडक्यात उत्तर असं: बाई घराबाहेर पडते तो दिवस आणि तिच्या हातात पोटगीचा किंवा पगाराचा पहिला रुपया पडतो तो दिवस, यांच्यामध्ये एक खिंड असते. सरकारी योजना या खिंडीच्या अलीकडे आणि पलीकडे आहेत, मध्ये फारसं काही नाही. बहुतेक बायका परत फिरतात त्या इथूनच. ही खिंड ओलांडायला लाखो रुपये लागत नाहीत. पण जे लागतात ते त्याच दिवशी लागतात, आणि कुणाला कळू न देता लागतात.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १८ ते ४९ वयाच्या, लग्न झालेल्या बायकांपैकी सुमारे २५ टक्के जणींनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा झाल्याचं सांगितलं. म्हणजे चारांतली एक. देशभरात अशी हिंसा सोसलेल्यांपैकी कुणाकडे तरी मदत मागितली ती जेमतेम १४ टक्क्यांनी. ज्यांनी मागितली त्यांनीही आधी माहेर गाठलं, नाहीतर मैत्रीण किंवा शेजारीण. पोलीस, वकील, संस्था फार नंतर येतात. त्यामुळे पहिला दरवाजा वस्तीतलाच असतो.

आधी काय फुकट मिळतं ते पाहा

निधीतला रुपया तिथेच घालायचा, जिथे दुसरं कुणी घालत नाही. म्हणून आधी फुकट मिळणाऱ्या गोष्टींची यादी निधी चालवणाऱ्या समितीतल्या प्रत्येकाला पाठ हवी.

महिला हेल्पलाइन १८१, तातडीच्या मदतीला ११२, मुलांसाठी १०९८, कायदेशीर मदतीला १५१००. 'सखी' वन स्टॉप सेंटरमध्ये तात्पुरता आसरा, पोलीस मदत, डॉक्टर, वकील असं सगळं एका छताखाली मिळतं. मुक्काम मात्र साधारण पाच दिवसांपुरता. त्यापुढे 'शक्ती सदन' (संकटातल्या बायकांसाठी सरकारी योजनेतलं निवारागृह) किंवा शासकीय महिला वसतिगृह. नागपूर पोलिसांचा भरोसा सेल (बायका-मुलांच्या तक्रारींसाठीचा कक्ष) आहे. मार लागला असेल तर मेडिकल, मेयो किंवा डागा ही नागपूरची सरकारी रुग्णालयं. तिथे 'कसं लागलं' हे खरं सांगून केस पेपरवर लिहून घ्यायचं. 'पाय घसरून पडले' असं एकदा कागदावर आलं की पुढे ते पुसता येत नाही.

वकिलावर निधी खर्च करू नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे कुठल्याही बाईला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. सिव्हिल लाइन्सच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करायचा. मात्र फुकट वकील मिळाला तरी तारखेला जायचा खर्च चुकत नाही: बुडालेली मजुरी, ऑटो, झेरॉक्स, मुलांना सांभाळायला शेजारणीला दिलेले पैसे. हा खर्च निधीचा.

कायद्याचं वेळापत्रक आणि खरं वेळापत्रक

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ हा दिवाणी स्वरूपाचा दिलासा देणारा कायदा आहे. तो २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. या कायद्याखाली सरकारने नेमलेले संरक्षण अधिकारी बाईचं म्हणणं ऐकून कौटुंबिक घटना अहवाल भरतात (बोलताना सगळे 'डीआयआर' म्हणतात), आणि कलम १२ खाली प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज जातो. मारहाण थांबवण्याचा आदेश कलम १८ खाली, घरात राहण्याचा आणि स्त्रीधन परत मिळण्याचा १९ खाली, खर्चाचे पैसे २० खाली, मुलांचा तात्पुरता ताबा २१ खाली, नुकसानभरपाई २२ खाली. घाई असेल तर कलम २३ खाली समोरच्याचं ऐकण्याआधीच अंतरिम आदेश मिळू शकतो. आदेशाची प्रत कलम २४ प्रमाणे फुकट. संरक्षण आदेश मोडला तर कलम ३१ प्रमाणे एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

पहिली सुनावणी सहसा तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत लावण्याचा प्रयत्न व्हावा, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात नोटीस बजावली जात नाही, नवरा हजर होत नाही, त्याचा वकील वेळ मागतो, उन्हाळी सुट्टी लागते. आदेश झाला तरी पैसे हातात पडायला वसुलीचा आणखी एक अर्ज. म्हणून आम्ही निधीचा हिशेब नव्वद दिवसांचा धरतो. तीसचा धरला तर तिची हिंमत टिकते पण खोली टिकत नाही. आणि १८० दिवस धरले तर निधी दोनच कुटुंबांत संपतो.

दोन गोष्टी लोकांना माहीत नसतात. एक, कलम २७ प्रमाणे बाई जिथे तात्पुरती राहते तिथेही अर्ज करता येतो. गोंदिया, गडचिरोली किंवा छिंदवाड्याहून पळून नागपूरला बहिणीकडे आलेली बाई इथल्याच कोर्टात जाऊ शकते. दोन, कलम ४ प्रमाणे कुणीही, अगदी शेजारीसुद्धा, संरक्षण अधिकाऱ्यांना चांगल्या हेतूने खबर देऊ शकतो आणि त्यासाठी त्याच्यावर दावा लागत नाही. 'नवरा-बायकोच्या भांडणात आपण कशाला पडा' म्हणणाऱ्या काकांना हे कलम वाचून दाखवायला हरकत नाही.

आणि तिनेच घर सोडलं पाहिजे असं गृहीत धरू नका. सामायिक घरात राहण्याचा हक्क कलम १७ ने दिला आहे, आणि घर सासऱ्याच्या नावावर असलं तरी ते सामायिक घर ठरू शकतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली सतीश आहुजा प्रकरणात स्पष्ट केलं. काही जणींना खोलीचं भाडं नको असतं. नवरा बाहेर गेल्यावर किराणा भरायला आणि कुलूप बदलायला पैसे हवे असतात. विचारल्याशिवाय कळत नाही.

खर्चाचा नमुना

आई आणि दोन शाळकरी मुलं, नागपूरच्या मानेवाडा किंवा वाडी भागाकडे एक खोली. आकडे नमुन्याचे आहेत. तुमच्या वस्तीत चौकशी करून बदला.

डिपॉझिट ८,०००. भाडं महिना ४,००० प्रमाणे तीन महिने, १२,०००. भांडी, बादली, गाद्या-चादरी, शेगडी आणि पाच किलोचा छोटा सिलिंडर मिळून ६,०००. किराणा, दूध, भाजी महिना ५,००० प्रमाणे १५,०००. वीज, मोबाइल रिचार्ज, बसभाडं महिना १,५०० प्रमाणे ४,५००. शाळेच्या वह्या, दप्तर, गणवेश ३,०००. तारखा, औषधं, झेरॉक्स २,५००. एकूण ५१,००० रुपये, त्यातले ८,००० खोली सोडल्यावर परत यायचे.

पाच किलोचा सिलिंडर मुद्दाम लिहिला आहे. मोठं कनेक्शन घ्यायला पत्त्याचा पुरावा लागतो. हा छोटा सिलिंडर नुसत्या ओळखपत्रावर मिळतो. नव्या खोलीत पहिल्या संध्याकाळी चहा झाला आणि मुलांना गरम खिचडी मिळाली, तर दुसऱ्या दिवशी 'चल आई, परत जाऊ' असं मुलं म्हणण्याची शक्यता बरीच कमी होते.

बाई एप्रिल-मेमध्ये निघाली तर जुन्या कूलरचे अडीच-तीन हजार वेगळे धरा. पत्र्याच्या खोलीत पंचेचाळीस डिग्रीला कूलरशिवाय लहान मूल ठेवणं शक्य नाही. ही चैन नाही, हे देणगीदारांना एकदा समजावून सांगावं लागतं. विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात. शाळेचा खर्च तेव्हा एकदम येतो, म्हणून मे अखेर निधीत निदान एका कुटुंबापुरती शिल्लक हवी.

सगळ्यांना ५१ हजार लागत नाहीत. बऱ्याच जणी माहेरी किंवा बहिणीकडे जातात आणि त्यांना आठ-दहा हजारच लागतात: प्रवास, औषध, कागदपत्रं, नवं सिम, पहिल्या महिन्याचा किराणा म्हणून भावजयीच्या हातात काहीतरी. ही शेवटची रक्कम क्षुल्लक वाटते, पण माहेरी पंधराव्या दिवशी सुरू होणारी कुरबुर त्याच रकमेमुळे लांबणीवर पडते.

पूर्ण खर्चाची वेळ येते ती मोठा मुलगा सोबत असेल तेव्हा. शक्ती सदनात आईसोबत मुली राहू शकतात, मुलगे मात्र बारा वर्षांपर्यंतचे. चौदा वर्षांचा मुलगा असलेली आई तिथे जात नाही. मुलाला वेगळ्या बालगृहात ठेवण्यापेक्षा ती मार खात घरीच राहते. तिच्यासाठी भाड्याची खोली हाच निवारा.

पैसा तिच्या नावाने मागू नका

या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच. एखादी बाई आली, तिचा फोटो आणि कहाणी व्हॉट्सॲपवर टाकली, क्यूआर कोड जोडला, दोन दिवसांत तीस हजार जमले: असं होतं, आणि म्हणूनच मोह होतो. पण तो संदेश पाचव्या ग्रुपवर दिराला मिळतो. 'मानेवाड्यातली, दोन मुलं, नवरा ट्रान्सपोर्टमध्ये' एवढ्यावर नाव न लिहिताही ओळख पटते. लैंगिक अत्याचाराचा भाग असेल तर ओळख उघड करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा ठरतो. मुलांची ओळख उघड करण्याचे नियम त्याहून कडक.

म्हणून पैसा आधी जमवायचा, कुणीही दारात नसताना. आणि बाईच्या नावाने नव्हे, वस्तूच्या नावाने मागायचा. संदेश असा असू शकतो:

'घरातल्या हिंसाचारातून बाहेर पडणाऱ्या बहिणींसाठी आपल्या वस्तीचा निधी. एका खोलीचं महिन्याचं भाडं ४,०००. शेगडी-सिलिंडर-भांडी ६,०००. एका मुलाचं शाळेचं सामान १,५००. जे जमेल ते द्या. मदत कुणाला गेली हे आम्ही सांगणार नाही, किती आणि कशावर गेली ते दर तीन महिन्यांनी सांगू.'

शेवटचं वाक्य वाचून काही देणगीदार मागे हटतात. हटू द्या. जो 'एकदा ताईंना भेटू द्या' किंवा 'चेक देतानाचा फोटो हवा' म्हणतो, त्याचे पैसे पुढे डोकेदुखी होतात. नागपूरच्या मारबतीच्या मिरवणुकीत दारू आणि मारझोडीचा बडग्या (पुतळा) जरूर काढा, जितका गाजावाजा करायचा तितका करा. पण निधी वाटताना तोंडाला कुलूप.

जमवण्याच्या जागा नागपुरात भरपूर आहेत. शंभर घरांनी महिना पन्नास रुपये दिले तर वर्षाला साठ हजार होतात, म्हणजे एक पूर्ण कुटुंब किंवा पाच-सहा लहान मदती. एकट्या वस्तीला हे कमी पडतं. शेजारच्या तीन वस्त्यांनी मिळून निधी केला तर पेलतं, आणि एका वस्तीतल्या बाईला दुसऱ्या टोकाला खोली शोधून देता येते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाणाच्या प्लास्टिकच्या डब्यांऐवजी तेवढे पैसे पेटीत टाकायची पद्धत चांगली चालते. (त्याच हळदीकुंकवाला नवऱ्याने टाकलेल्या आणि विधवा बायकांना बोलवायचं नाही, हे मात्र चालणार नाही. ज्यांच्यासाठी पेटी फिरते त्याच दाराबाहेर, हा कुठला न्याय?) कोजागिरीला पाटवडी-रस्सा नाहीतर तर्री पोह्यांचा स्टॉल, विहारातल्या महिला मंडळाची मासिक वर्गणी, मोमीनपुऱ्यातली जकात (मुस्लिमांचं धार्मिक दान), जरीपटक्यातल्या व्यापाऱ्यांकडून कापड आणि भांडी. जकातीच्या पैशाला देणाऱ्याच्या धर्मनियमाप्रमाणे पात्रतेची अट असते, म्हणून वहीत त्याचा रकाना वेगळा ठेवा.

वापरलेल्या वस्तूंचं काय? भांडी, कूलर, सायकल, शिलाई मशीन घ्या. जुने कपडे नको म्हणा, अगदी स्वच्छ आणि मुलांचे सोडून. नाहीतर दोन महिन्यांत समितीच्या एका ताईच्या घरी गोदाम होतं आणि ती समिती सोडते.

पैसा कुणाच्या खात्यात

इथे हौशी मंडळं हमखास अडकतात. सचिवाच्या वैयक्तिक खात्यावर यूपीआयने वर्गणी घेतली, तर दोन प्रश्न उभे राहतात. नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षात पन्नास हजारांच्या वर विनामोबदला रक्कम आली तर ती खातेधारकाचं करपात्र उत्पन्न धरली जाते. 'ते पैसे माझे नव्हते' हे मग त्याला सिद्ध करावं लागतं. दुसरं, त्याच खात्यातून घरचा गॅस आणि ईएमआय जातो, आणि सहा महिन्यांनी कुणाचे किती हे त्यालाही सांगता येत नाही. भांडण लागतं, निधी बुडतो.

नोंदणीकृत ट्रस्ट नसलेल्या मंडळाला धर्मादाय कामासाठी वर्गणी गोळा करायची तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते. गणेश मंडळं उत्सवाआधी घेतात तीच. ती ठरावीक मुदतीची असते आणि नंतर हिशेब द्यावा लागतो. बारा महिने चालणाऱ्या निधीला ही वाट अवघड. त्यापेक्षा बायकांसाठी काम करणाऱ्या एखाद्या नोंदणीकृत संस्थेशी लेखी ठराव करून तिच्याकडे स्वतंत्र राखीव निधी ठेवा: पैसा संस्थेच्या खात्यात, पावती संस्थेची, खर्चाचा निर्णय तुमच्या पाच जणांच्या समितीचा. संस्था हिशेबापोटी काही टक्के घेणार असेल तर तो आकडा ठरावातच लिहा. संस्थेकडे ८० जी असेल तर जुन्या करप्रणालीतल्या देणगीदाराला सूट मिळते. रोखीने दोन हजारांपेक्षा जास्त दिलं तर त्या देणगीवर मिळत नाही. हाउसिंग सोसायटीच्या मेंटेनन्सला किंवा बचत गटाच्या बचतीला हात लावू नका. ते पैसे दुसऱ्या कामाचे आणि दुसऱ्या नियमांचे.

परदेशातल्या पैशाबद्दल सांगायलाच हवं, कारण नागपुरातल्या निम्म्या कॉलन्यांची मुलं बाहेर आहेत. मुलाकडे भारतीय पासपोर्ट असेल आणि तो स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पैसे देत असेल तर ती परदेशी देणगी ठरत नाही. पण त्याने तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर, ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला मिळणारं) असलं आणि रक्कम रुपयांत दिली तरी, ती परदेशी देणगीच. एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणी आणि दिल्लीच्या स्टेट बँकेतलं ठरावीक खातं असल्याशिवाय संस्थेला ती घेता येत नाही. शर्माजींच्या अमेरिकेतल्या मुलाला आधी पासपोर्ट विचारा, मग क्यूआर कोड पाठवा.

देताना: आधी फोन, मग पैसे

दोन वेगवेगळ्या वस्त्यांत दोन विश्वासू बायकांकडे तीन-तीन हजारांचं बंद पाकीट तयार असावं. शंभर आणि पन्नासच्या नोटा. रात्री अकराला ऑटोवाल्याकडे पाचशेचे सुटे नसतात. हे पाकीट देताना कुणाची सही, बैठक, चौकशी नाही. दिल्यावर दुसऱ्या दिवशी सांगायचं आणि पाकीट पुन्हा भरायचं. तीन हजारांच्या वरची रक्कम समितीतल्या दोघींच्या सहीने, तीन दिवसांच्या आत. त्याहून उशीर लागणारी समिती काही कामाची नाही.

बाईच्या जुन्या खात्यात कधीही पैसे टाकू नका. खातं जॉइंट असतं, किंवा त्याला जोडलेला मोबाइल नंबर नवऱ्याचा असतो. पैसे आले की त्याला मेसेज, तिने काढले की कुठल्या एटीएममधून काढले त्याचाही मेसेज. आणि तुमचं नाव त्याच्या पासबुकात छापून येतं. क्रम असा ठेवा:

पहिल्यांदा तिच्या स्वतःच्या आधारवर नवं सिम. पण नवं सिम जुन्याच फोनमध्ये घातलं आणि फोनमधलं गूगल खातं नवऱ्याने उघडून दिलेलं असेल तर फोन कुठे आहे ते त्याला घरबसल्या दिसतं. खातं काढा, लोकेशन शेअरिंग बंद करा, व्हॉट्सॲपला जोडलेली इतर उपकरणं तपासा. त्याआधी धमकीचे मेसेज आणि फोटो दुसरीकडे सुरक्षित पाठवा. घाईत फोन रिसेट केला की पुरावाही पुसला जातो.

मग वेगळ्या बँकेत शून्य शिल्लक खातं. पुरेशी कागदपत्रं घरी राहिली असतील तर जनधन योजनेत 'छोटं खातं' उघडता येतं. त्यात शिल्लक पन्नास हजारांपर्यंत आणि महिन्याला दहा हजारांपर्यंतच काढता येतात, पण सुरुवातीला पुरतं. नंतर आधार या नव्या खात्याला जोडून घ्यायचं. लाडकी बहीणसारख्या योजनांचे पैसे आधारला शेवटी जोडलेल्या खात्यात जातात. हे बदललं नाही तर हप्ता जुन्या खात्यात पडतच राहतो आणि तो कोण काढतो ते सांगायला नको.

खोलीचं भाडं आणि डिपॉझिट शक्यतो थेट घरमालकाला द्या, किराण्याचे पैसे मात्र तिच्या हातात. तिने पावडर आणली की पेढे, हे विचारायचं नाही. आयुष्यभर पै-पैचा हिशेब दिलेल्या बाईला पुन्हा हिशेबाला बसवलं तर आपल्यात आणि तिच्या सासूत फरक काय राहिला? पूर्ण रक्कम एकदम देऊ नये, दर पंधरा दिवसांनी द्यावी. हातात एकरकमी पैसे दिसले की भाऊ उसने मागतो आणि तिला नाही म्हणता येत नाही.

तिला कर्ज म्हणून देऊ नका. आणि प्रत्येक व्हाउचरवर 'तात्पुरती मदत' असा शब्द घाला. पोटगीच्या केसमध्ये समोरचा वकील 'हिला दुसरीकडून उत्पन्न आहे' असं म्हणू शकतो. तेव्हा हा कागद कामी येतो. व्हाउचरवर नाव लिहायचं नाही, क्रमांक लिहायचा. क्रमांक आणि नाव यांची यादी एकाच वहीत, कुलपात, एकाच व्यक्तीकडे. ती व्यक्ती कोण हे संस्थेच्या अध्यक्षांना माहीत असावं.

जिथे हमखास बिघडतं

नवरा पोलिसांत 'मिसिंग' नोंदवतो. हे जवळजवळ ठरलेलं असतं. म्हणून पहिल्या एक-दोन दिवसांतच, सखी सेंटरमार्फत किंवा वकिलामार्फत, 'मी माझ्या मर्जीने घर सोडलं आहे, मुलं माझ्याजवळ सुखरूप आहेत, माझा पत्ता सासरच्यांना देऊ नये' असा लेखी अर्ज तिच्या सहीने पोलीस ठाण्यात द्यावा आणि पोच घ्यावी. मुलं सोबत असतील तर कलम २१ चा, म्हणजे तात्पुरत्या ताब्याचा, अर्ज वकिलाला पहिल्याच भेटीत सांगावा.

शाळा टी.सी. देत नाही, 'वडिलांची सही आणा' म्हणते. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे आठवीपर्यंतच्या मुलाला सरकारी किंवा अनुदानित शाळेत टी.सी. यायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. नव्या शाळेत आधी बसवा, दाखला मागाहून. मुख्याध्यापकांना परिस्थिती सांगा आणि मुलाला घ्यायला कोण येऊ शकतं त्यांची नावं लेखी द्या.

घरमालक एकट्या बाईला खोली देत नाहीत. इथे पैशापेक्षा वस्तीचा शब्द चालतो: समितीतल्या दोघींनी जाऊन 'तीन महिन्यांचं भाडं आमच्याकडून, काही झालं तर आम्हाला फोन करा' म्हटलं की बहुतेक वेळा चावी मिळते. खोली समितीतल्या कुणाच्या घरी मात्र नको. नवरा पहिल्यांदा तिथेच येतो.

समेट. समितीतले एखादे ज्येष्ठ दादा 'दोघांना समोरासमोर बसवू' म्हणतात आणि तिचा पत्ता फुटतो. कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली समुपदेशनाचा आदेश न्यायदंडाधिकारी कलम १४ ने देऊ शकतात; निधीचं ते काम नव्हे. समितीत नवऱ्याचा नातेवाईक, मित्र किंवा त्याच पक्षाचा कार्यकर्ता निघाला तर त्या प्रकरणापुरतं त्याने बाजूला व्हायचं, हा नियम पहिल्याच ठरावात हवा.

आणि बाई परत जाते. खोली सोडते, भांडी घेऊन जाते, समितीला फोनही करत नाही. देणगीदार चिडतात, 'आपले पैसे वाया गेले' म्हणतात. वाया गेलेले नसतात. तिच्याकडे आता स्वतःचं खातं आहे, सिम आहे, डीआयआरची प्रत आहे, आणि दार कुठे आहे ते माहीत आहे. दुसऱ्यांदा आली तर निधी पुन्हा मिळेल, हे नियमात लिहून ठेवा. नाहीतर त्या दिवशीच्या बैठकीत रागाच्या भरात उलटा ठराव होतो.

नव्वद दिवसांच्या शेवटी

साठाव्या दिवसाच्या आसपास तिच्यासोबत बसून तीन गोष्टी बघायच्या. कोर्टात अंतरिम पैशाचा अर्ज कुठवर आला. सर्वोच्च न्यायालयाने २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालात दोघांनी उत्पन्न-मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यायचं आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरायची असं सांगितलं आहे, तेव्हा प्रतिज्ञापत्र दाखल झालं का ते विचारा. दुसरं, ती पात्र असेल त्या योजनांचे अर्ज झाले का: परित्यक्तांसाठी संजय गांधी निराधार, मुलांसाठी बालसंगोपन. तिसरं, कमाई. बुटीबोरी-हिंगण्याच्या कारखान्यांत, मेसमध्ये, कापडाच्या दुकानात काम मिळतं. अडतं ते पहिल्या पगारापर्यंतच्या बसभाड्यापाशी आणि पाच वाजता शाळेतून येणाऱ्या मुलाकडे कोण बघणार इथे. शिलाई मशीन सरसकट देऊ नका. तिला शिवणकाम येत नसेल तर सहा महिन्यांत ते मशीन विकलं जातं.

नव्वद दिवसांनी पैसा थांबला तरी फोन चालू ठेवावा. तारखेला सोबत जायला एक माणूस लागतोच. फार तर एकदा तीस दिवस वाढवून द्या, तेही लेखी कारणासह. खोली सोडताना डिपॉझिट घरमालकाकडून थेट निधीच्या खात्यात परत घ्या आणि त्या क्रमांकापुढे जमा दाखवा. ही नोंद राहून गेली तर वर्षाच्या हिशेबात आठ हजारांचा घोळ दिसतो आणि संशय नेमका त्या बाईवर येतो.

तिमाही हिशेब एका पानाचा पुरे: जमा किती, किती कुटुंबांना मदत, भाडं-किराणा-शाळा-प्रवास यांवर किती, शिल्लक किती. एखाद्या तिमाहीत एकच कुटुंब असेल तर तो तिमाही वेगळा दाखवू नका, पुढच्यात मिळवून सहामाही हिशेब द्या. 'एक कुटुंब, तीन मुलं, भाडं वाडी' एवढ्या ओळीवरूनसुद्धा वाचणाऱ्याला ओळख पटते.